खणखणणारी माती

[दृश्य: बेळगाव जिल्ह्यातलं खानापूर. कुंभाराच्या अंगणात उलटी मांडलेली मडकी. एक हात मडक्यावर टिचकी मारतो.]

मडकं घेताना गिऱ्हाईक आधी टिचकी मारून बघतं. आवाज खणखणीत आला तर मडकं घरी जातं. बद्द वाजलं तर कुठंतरी चीर आहे.

कुरआनमध्ये पहिल्या माणसाची, आदम अलैहिस्सलाम यांची घडण सांगताना हा आवाज ऐकू येतो. ५५वा अध्याय सूरह रहमान, आयत १४ : माणसाला 'सलसाल'पासून घडवलं, जी भाजलेल्या भांड्यासारखी वाजते. 'सलसाल' म्हणजे वाळून टणक झालेली, टिचकी मारली की वाजणारी कोरडी माती. भट्टीतून निघालेल्या भांड्याला अरबीत 'फख्खार' म्हणतात. आयत या मातीला फख्खार म्हणत नाही, फख्खारसारखी म्हणते. आग येते ती पुढच्याच आयतीत, आणि ती जिन्नांच्या, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांच्या वाट्याला: त्यांची घडण धूर नसलेल्या ज्वाळेतून. फरिश्ते, म्हणजे देवदूत, नूरातून, म्हणजे प्रकाशातून घडले, असं हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांत आहे.

[दृश्य: माती भिजवण्याचा खड्डा. चाळण. पायांनी माती तुडवणारा कारागीर.]

मातीसाठी कुरआनमध्ये एकच शब्द नाही. कुठं 'तुराब', सुकी धूळमाती. कुठं 'तीन', पाण्यात कालवलेला चिखल. १५व्या अध्यायात 'हमइन मस्नून', बराच काळ मुरून काळा पडलेला गाळ. आणि शेवटी सलसाल. भाष्यकार या शब्दांकडे एकाच घडणीच्या पायऱ्या म्हणून बघतात. ज्यानं कुंभारकाम जवळून पाहिलंय, त्याला हा क्रम समजावून सांगावा लागत नाही. माती चाळायची, भिजवायची, मुरू द्यायची, मळायची, चाकावर चढवायची, मग सावलीत वाळवायची. उन्हात घाईनं वाळवली की वरचा थर आधी आक्रसतो, आतला ओला राहतो, आणि भांडं तडकतं. चाळताना चुनखडीचा बारीक खडा राहून गेला, तर भाजल्यावर तो हवेतली ओल ओढून फुगतो आणि भांड्याचा टवका उडवतो.

एवढं झालं तरी ती मातीच. १५व्या अध्यायाच्या २९व्या आयतीत अल्लाह फरिश्त्यांना सांगतो : मी याला नीट घडवून त्यात माझ्याकडचा रूह, म्हणजे आत्मा फुंकला, की त्याच्यापुढे सजद्यात जा, कपाळ जमिनीला टेका. मान आहे तो या फुंकरीनंतरचा. इब्लीसनं, म्हणजे सैतानानं, सजदा नाकारला; त्यानं नेमकं हेच पाहिलं नाही. 'मला तू आगीपासून घडवलंस, याला मातीपासून,' एवढंच तो बोलला. आपण कशापासून बनलो यावर कुणी मोठेपणा सांगितल्याचा हा पहिला प्रसंग.

[दृश्य: खानापूरची तांबडी वाट. मग अथणीकडचं काळं रान, भेगाळलेलं.]

तिर्मिझी आणि अबू दाऊद यांच्या संग्रहांत एक हदीस आहे. आदमची माती अल्लाहनं साऱ्या जमिनीवरून मूठ भरून घेतली, म्हणून त्याची लेकरं कुणी तांबडी, कुणी गोरी, कुणी काळी, कुणी मधल्या रंगाची. कुणी मऊ, कुणी कठीण. बेळगाव जिल्ह्यात या हदीसचा अर्थ डोळ्यांनी दिसतो. पश्चिमेला कणकुंबीकडे, जिथं मलप्रभा उगम पावते, तिथं जांभा आणि तांबडी माती. पूर्वेला जाल तशी जमीन काळी होत जाते. एका बाजाराच्या दिवसात मराठी, कन्नड, दख्खनी कानावर येणाऱ्या या मुलखात ४९व्या अध्यायाची १३वी आयत आवर्जून वाचावी : तुमची कुळं आणि जमाती केल्या, त्या तुम्ही एकमेकांना ओळखावं म्हणून.

आता मूळ प्रश्न. माणसाला घडवलं कशासाठी?

५१व्या अध्यायाची ५६वी आयत : जिन्न आणि माणूस यांना मी फक्त माझ्या इबादतीसाठी घडवलं. मराठीत इबादतला 'पूजा' म्हटलं की अर्थ तोकडा पडतो. 'अब्द' म्हणजे दास, आणि इबादत म्हणजे दासपणानं जगणं. नमाज आणि रोजा त्यात आहेतच. नियत शुद्ध असेल तर हलाल कमाई, खरं माप, शेजाऱ्याचा हक्क, हेही त्यातच येतं.

दुसरा शब्द 'खलीफा', म्हणजे दुसऱ्याच्या वतीनं सांभाळ करणारा, २ऱ्या अध्यायाच्या ३०व्या आयतीतला. त्याचा अर्थ अनेकजण 'पृथ्वीचा मालक' असा घेतात, आणि घोटाळा तिथंच होतो. आपल्याकडचा वाटेकरी आठवावा. नांगर त्याचा, घाम त्याचा, पीक उभं करणारा तोच. पण उताऱ्यावर नाव दुसऱ्याचं. सुगीला हिशेब द्यावा लागतो.

[दृश्य: भाताची मळणी. रास. मापटं.]

हा हिशेब आकड्यांत आहे. ६व्या अध्यायाची १४१वी आयत कापणीच्या दिवशी पिकाचा हक्क द्यायला सांगते. त्याचं प्रमाण हदीसनं ठरवलं : पावसावर आलेल्या पिकाचा दहावा हिस्सा, म्हणजे उश्र, कष्टानं पाणी दिलेल्या पिकाचा विसावा. खानापूरकडं पावसावर २० क्विंटल भात झालं तर २ क्विंटल. चिकोडी किंवा रायबागकडं मोटार लावून ४० टन ऊस काढला तर २ टन, किंवा तेवढी किंमत. चूक होते ती बियाणं, खत, मजुरी आधी वजा करण्यात. हनफी, म्हणजे इस्लामी कायद्याच्या एका पंथाच्या मतानुसार हिस्सा एकूण उत्पन्नावर काढायचा, कारण पाण्याच्या खर्चाची सवलत दहाव्या हिश्श्याचा विसावा करतानाच दिलेली आहे. भारतातल्या जमिनीवर उश्र लागू होतो का, यावर उलमांमध्ये, म्हणजे धर्मपंडितांमध्ये मतभेद आहेत. आपल्या जमिनीची हकीकत सांगून जाणत्या आलिमाला विचारावं. पण रास घरी नेण्याआधी गरिबाचा वाटा बाजूला काढणारा हात पाहिला, की खलीफा या शब्दाचा अर्थ कळतो. पाऊस त्यानं पाडलेला नसतो, हे त्याला माहीत असतं.

[दृश्य: कब्रस्तान. कुदळीचा आवाज. जांभ्याचा कापलेला कडा.]

कबर दोन तऱ्हेची, बगली आणि संदुकी. बगलीत खड्ड्याच्या तळाशी किबल्याकडच्या, म्हणजे काबेच्या दिशेच्या, आपल्याकडं पश्चिमेच्या अंगाला, कोनाडा कोरतात आणि मय्यत, म्हणजे मृतदेह त्यात ठेवतात. संदुकीत मधोमध चर घेऊन वरून फळ्या किंवा फरशा टाकतात. जमीन घट्ट असेल तर बगली बरी. जांभ्यात कोनाडा कोरायला वेळ लागतो, पण टिकतो. काळ्या रानात, त्यातून पावसाळ्यात, कोनाड्याचं छत ढासळतं. तिथं संदुकीच करावी.

मय्यत उजव्या कुशीवर, तोंड किबल्याकडं. फळ्यांच्या फटी ढेकळांनी बुजवतात. मग जमलेला प्रत्येकजण डोक्याच्या बाजूनं तीन मुठी माती टाकतो. पहिल्या मुठीला : मिनहा खलकनाकुम, यातूनच आम्ही तुम्हाला घडवलं. दुसरीला : व फीहा नुईदुकुम, यातच परत नेऊ. तिसरीला : व मिनहा नुख्रिजुकुम तारतन उख्रा, यातूनच पुन्हा एकदा बाहेर काढू. २०वा अध्याय, आयत ५५.

उरलेली माती फावड्यानं ओढतात. उंचवटा वीतभर ठेवतात, वरून गिलावा करत नाहीत. माती बसावी म्हणून डोक्याकडून पायाकडं पाणी शिंपडतात. पहिल्या मोठ्या पावसानंतर उंचवटा खचतो, तेव्हा घरचं कुणीतरी येऊन दोन पाट्या माती वर टाकून जातं.