वळण पिंपाच्या अलीकडेच ठरतं

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेत टेक्सास, ओक्लाहोमा, वायोमिंग या भागांत रोडिओ भरतात. उधळलेल्या बैलावर आठ सेकंद टिकून राहायचं, पळत्या वासरावर फास टाकायचा, असले रांगडे प्रकार तिथे चालतात. त्यातच एक खेळ मुख्यतः बायकांचा आहे, बॅरल रेसिंग. मैदानात त्रिकोणात तीन पिंपं उभी करतात, आपल्याकडे ऑइलची दोनशे लिटरची असतात तसली. पहिल्या दोन पिंपांत ९० फुटांचं अंतर आणि त्या दोघांपासून तिसरं १०५ फुटांवर. स्वार मुलगी भरधाव आत येते, तिन्ही पिंपांना वळसे घालते आणि तशीच सुसाट बाहेर पडते. पूर्ण मापाच्या मैदानावर सतरा सेकंदांच्या आसपास सगळा कारभार आटोपला, तर ती धाव उत्तम समजतात. वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजली जाते आणि एक पिंप पडलं की ५ सेकंद माथी बसतात. म्हणजे बक्षीस गेलंच. टेक्सासात ज्यांची लेकरं राहतात, त्यांनी मार्चमध्ये ह्यूस्टनला गेलात तर हा खेळ चुकवू नका.

बघणाऱ्याला वाटतं, सरळ जास्त पळेल तो घोडा जिंकणार. पण सरळ धावेत चांगल्या घोड्यांमध्ये फारसं अंतर पडत नाही. या खेळात बहुतेक क्वार्टर हॉर्स जातीचे घोडे असतात आणि थोड्या अंतरात वेग पकडणं त्यांच्या रक्तातच असतं. फरक पडतो वळणात. आणि वळण बिघडतं ते पिंपापाशी नाही, पिंपाच्या अलीकडच्या आठ-दहा फुटांत.

घोड्याच्या अंगाचा निम्म्याहून जास्त भार एरवी पुढच्या पायांवर असतो. त्याच भारानिशी तो पिंपावर आला, तर एक तर लांब फाकतो, नाही तर खांदा आत टाकून पिंपच उडवतो. म्हणून पिंप येण्याआधी त्याने वेग आवरून भार मागच्या पायांवर घ्यायला हवा. आतला, म्हणजे पिंपाच्या बाजूचा, मागचा पाय पोटाखाली रोवला गेला, पुठ्ठा म्हणजे मागचा भाग खाली बसला, पुढचा भाग हलका झाला, की घोडा त्या एका पायावर अंग फिरवतो आणि तिथूनच पुढच्या पिंपाकडे झेप घेतो.

हे शिकवायचं कसं? हळू. अगदी कंटाळा येईल इतकं हळू. दुडक्या चालीने पिंपाकडे जायचं, पिंपाच्या अलीकडे स्वाराने मांड खाली टेकवून खोगिरात जड बसायचं आणि घोड्याला चालीवर आणायचं. पिंपाला चालत वळसा घालायचा आणि बाहेर पडताना पुन्हा दुडकी. घोडा ऐकत नसेल तर तिथेच थांबवायचा, दोन-चार पावलं मागे सरकवायचा आणि मग वळवायचा. मागे सरकताना भार आपोआप पुठ्ठ्यावर जातो. काही दिवसांनी स्वार नुसती खोगिरात बसली तरी घोडा आवरता घेतो, लगाम ओढावाच लागत नाही. ही समज चालीत पक्की झाल्याशिवाय दौडीत आणायचीच नाही. घाई करणाऱ्यांचे घोडे पिंपाजवळ आले की तोंड वर करून भांडायला लागतात, आणि मग दोष घोड्याला!

दुसरी गोष्ट, जागा. पिंपाला खेटून वळायला गेलात तर आतली रिकीब नाही तर गुडघा पिंपावर आपटतो. शिरताना चार-पाच फूट मोकळे ठेवावे लागतात. बाहेर पडताना तेवढेच ठेवावेत की कमी करावेत, यावर तिथल्या प्रशिक्षकांत दोन तट आहेत. मला विचाराल तर नव्या घोड्याला चारी बाजूंनी सारखी जागा द्यावी, त्याला हिशेब सोपा जातो.

आणि हात! वळवायचं म्हणून आतला लगाम खेचला की घोड्याची नुसती मान वळते, खांदा बाहेर फुगतो, मागचा भाग सरकतो आणि वळण उसवतं. स्वाराला घोड्याच्या आतल्या डोळ्याची कड दिसावी, तेवढाच बाक पुरे. बाकीचं काम पायाचं. आतली पोटरी घोड्याच्या कुशीला लागली की बरगडी वाकते आणि खांदा उभा राहतो. मोठं रिंगण घ्यायचं, ते लहान लहान करत न्यायचं आणि मग आतल्या पायाने ढकलत पुन्हा मोठं करायचं. दोन्ही बाजूंना, कारण पिंपं दोन्हीकडची असतात. पहिल्याला उजवीकडे वळून वळसा घातला तर पुढच्या दोघांना डावीकडे वळून. दौडीत घोड्याचा एका बाजूचा पाय दुसऱ्याच्या पुढे पडतो, आणि वळताना तो आतल्या बाजूचा हवा. म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या पिंपाच्या मध्ये घोड्याने हा पुढे पडणारा पाय बदलायला हवा. तो बदलला नाही तर दुसरं वळण हमखास लांबतं. आणि स्वाराने पिंपाकडे बघत बसू नये, जिथे जायचं तिकडे बघावं. नजर पिंपावर खिळली की अंगही तिकडेच कलतं आणि घोडा त्या अंगाखाली जातो.

शारमेन जेम्स आणि तिचा घोडा स्कॅम्पर यांची गोष्ट त्या मुलखात सगळ्यांना पाठ आहे. १९८४ ते १९९३ अशी सलग दहा वर्षं जगज्जेतेपद त्यांच्याकडे राहिलं. १९८५ च्या राष्ट्रीय अंतिम स्पर्धेत एका फेरीत स्कॅम्परच्या तोंडावरचा लगामच निघाला. तरी त्याने तिन्ही वळणं घेतली आणि ती फेरी जिंकली! लगाम नसताना वळला, तो मांड आणि पाय ओळखत होता म्हणून.

पण म्हणून रोज तीच तीन पिंपं घोटू नका. जाणती मंडळी तयार घोड्याला घरी क्वचितच पूर्ण वेगात पळवतात. रोज पळवलेला घोडा मैदानाच्या फाटकाशीच अडून बसतो. त्याला रानात मोकळं फिरवावं, चढ-उतारावर दुडकीने न्यावं. आणि चांगला वळणारा घोडा अचानक लांब फाकायला लागला, एका बाजूला वळायला कुरकुरू लागला, तर टाच मारू नका. आधी पशुवैद्याला बोलवा. मागच्या पायाचा ढोपराजवळचा सांधा, खूर, पाठ, दात, सगळं तपासून घ्या. नाल नीट बसलीय का तेही बघा, आणि मैदानाची माती खोलवर भुसभुशीत आहे का टणक, हे आत शिरण्याआधी स्वतःच्या पायांनी चालून पाहा.