‘लवकरात लवकर’ म्हणजे कधी?

थकलेलं बिल मागायची वेळ आली की चांगला बोलका व्यावसायिकही अडखळतो. मग लिहितो: ‘आपले जुने संबंध लक्षात घेऊन प्रलंबित रकमेबाबत लवकरात लवकर योग्य ती कार्यवाही करावी, ही नम्र विनंती.’ नम्रपणा भरपूर आहे. पण बिल कोणतं, रक्कम किती, द्यायची कधी, यातलं काहीच नाही. ते शोधायला समोरच्याला फाइल उघडावी लागते, आणि फाइल उघडायची म्हटलं की काम उद्यावर जातं. पैसे बुडवायचे मनात नसलेला माणूसही असाच उशीर करतो.

तेच असं लिहा: ‘बिल क्रमांक ११८, रक्कम १२,४००. मुदत ३ तारखेला संपली. कृपया शुक्रवार, १४ तारखेपर्यंत रक्कम जमा करा. बिलाची प्रत आणि खात्याचा तपशील सोबत आहे. रक्कम आधीच भरली असेल, तर व्यवहार क्रमांक कळवा.’

वार आणि तारीख दोन्ही लिहायची, म्हणजे एक चुकलं तर दुसऱ्यावरून कळतं. प्रत दरवेळी जोडायची, आधी पाठवली असली तरी. शेवटचं वाक्य मात्र सगळ्यात कामाचं. खरंच पैसे आले असतील आणि आपल्याच नोंदीत चूक असेल, तर त्या एका वाक्यामुळे आपली अब्रू वाचते. पहिल्यांदा आठवण करून देताना इशारा नको. दुसऱ्या वेळी ‘रक्कम जमा झाल्यावर पुढचा माल पाठवू’ असं लिहायला हरकत नाही, पण तसं करणार असाल तरच. पोकळ धमकी एकदा कळली की तिसरं पत्र कोणी वाचत नाही.

कोटेशनमध्ये भांडण होतं ते न लिहिलेल्या गोष्टींवरून. कर धरून की वेगळा, वाहतूक कोणाची, दर किती दिवस लागू, आगाऊ किती, आणि दरात काय धरलेलं नाही. ही शेवटची ओळ बहुतेकांच्या कोटेशनमध्ये नसतेच.

तक्रारीच्या उत्तरात ‘माल बदलून देण्यात येईल’ असं लिहू नका. कोण देणार? ‘आम्ही मंगळवारी दुसरा नग पाठवतो, जुना तेव्हाच परत घेऊ’ म्हटलं की ग्राहकाला पुन्हा फोन करावा लागत नाही. दिलगिरी एका वाक्यात आटपा.

आता एसएमएस. इंग्रजी अक्षरांत एका संदेशात १६० खुणा (अक्षरं, चिन्हं, मोकळ्या जागा) मावतात, देवनागरीत ७०. इंग्रजी मजकुरात एखादा इमोजी आला, तरी सगळा संदेश ७०च्या हिशेबात जातो. ७०च्या वर गेलात की संदेशाचे तुकडे पडतात, तेव्हा प्रत्येक तुकड्यात ६७ खुणा बसतात, आणि सहसा प्रत्येक तुकड्याचे पैसे लागतात. काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजली जाते, जोडाक्षरातला हलन्तही. म्हणजे ‘क्ष’च्या तीन खुणा झाल्या. मोजून बघा: ‘लवकरात लवकर’ला मधल्या जागेसकट ११ खुणा लागतात, ‘शुक्रवारी’ला ९.