हाइडची सही, जेकिलचं अक्षर

[दृश्य : एडिनबरा, लॉनमार्केट. दगडी इमारतींमधली अरुंद बोळं. मग संग्रहालयात ठेवलेलं एक जुनं लाकडी कपाट.]

हे कपाट विल्यम ब्रॉडी या सुताराच्या हातचं. सुतार म्हटलं तरी माणूस वजनदार. अठराव्या शतकातल्या एडिनबरात तो आपल्या कारागीर-संघाचा प्रमुख होता, नगर परिषदेवर होता. श्रीमंतांच्या घरी कपाटं बसवायची, कुलपं दुरुस्त करायची, तेवढ्यात किल्लीचा ठसा घेऊन ठेवायचा आणि रात्री त्याच घरात शिरायचं, असा त्याचा उद्योग. जुगाराचा नाद होता, दोन ठेवलेल्या बायका होत्या, त्यांची मुलं होती. १७८८ साली अबकारी कचेरीवरची चोरी अंगाशी आली. ब्रॉडी ॲमस्टरडॅमपर्यंत पळाला, तिथे सापडला आणि १ ऑक्टोबरला भर गर्दीत फासावर गेला.

पुढे शंभरेक वर्षांच्या आत हे कपाट एका आजारी मुलाच्या खोलीत उभं होतं. मुलाचं नाव रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन. मोठेपणी त्याने ब्रॉडीवर एक नाटक लिहिलं, ते काही फारसं जमलं नाही. मग १८८५ मध्ये बोर्नमथला अंथरुणात पडल्या पडल्या त्याला एक स्वप्न पडलं, आणि जानेवारी १८८६ मध्ये एक शिलिंग किमतीची छोटी कादंबरी बाजारात आली. डॉक्टर जेकिल आणि मिस्टर हाइड.

[दृश्य : लंडनची गल्ली. रंगाचे पोपडे उडालेलं, घंटी नसलेलं एक दार.]

ही गोष्ट आपल्याला न वाचताच माहीत असते. सज्जन डॉक्टर जेकिल, औषधाचा प्याला, आणि मग त्याचाच झालेला केसाळ राक्षस, हाइड. सिनेमावाल्यांनी ती अशीच घोटवून घेतली आहे. पुस्तकात मात्र हाइडला पाहिलेल्या कुणालाही त्याच्या चेहऱ्यात नेमकं काय वावगं आहे ते सांगता येत नाही. किळस येते, एवढंच. लोकांना मात्र चेहरा हवा होता. ऑगस्ट १८८८ मध्ये लंडनच्या लायसियम थिएटरात रिचर्ड मॅन्सफील्ड हा नट जेकिलचा हाइड करून दाखवत होता. त्याच महिन्याच्या शेवटी व्हाइटचॅपेलमधली खुनांची मालिका सुरू झाली, आणि खुनी हा नटच असावा, असं पत्र कुणीतरी पोलिसांना धाडलं!

आता ते दार बघा. जेकिलच्या घराला दोन तोंडं आहेत. पुढचं चौकात उघडतं : प्रशस्त दिवाणखाना, शेकोटी, अदबशीर नोकर. मागचं गल्लीत उघडतं, त्यातून हाइड ये-जा करतो. इमारती एकमेकींना इतक्या बिलगून आहेत, की एक घर कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं ते बाहेरच्याला कळत नाही. म्हणून कितीतरी पानं उलटली तरी कुणाच्या लक्षात येत नाही, की दोन्ही दारं एकाच घराची आहेत.

पण मला विचाराल तर या पुस्तकातली सगळ्यात भीतीदायक गोष्ट दाराइतकी ठळक नाही. ती आहे जेकिलची तयारी. हाइडसाठी तो सोहो भागात घर घेतो, सजवतो, तोंड बंद ठेवणारी बाई कामाला ठेवतो. नोकरांना बजावतो की हाइडसाहेबांना घर मोकळं. मृत्युपत्र करतो : मी मेलो, किंवा तीन महिन्यांहून जास्त दिसेनासा झालो, तर सगळं हाइडला. हाइडच्या नावाने बँकेत खातं उघडतो. आणि सही? स्वतःचंच अक्षर उलट्या बाजूला कलवून तो हाइडला सही करून देतो. हे काम औषधाच्या गुंगीतलं नाही. टेबलाशी बसून, डोकं शांत ठेवून, व्यवहारात मुरलेल्या माणसाने केलेलं आहे.

प्रतीकं म्हणून स्टीव्हन्सन अशाच वस्तू निवडतो. हाइड पहाटे एका लहान मुलीला तुडवून जातो. लोक अडवतात, तेव्हा भरपाईचा धनादेश येतो तो जेकिलच्या सहीचा, आणि वटतो. पुढे चांदण्या रात्री तो एका वृद्ध खासदाराला काठीने ठेचून मारतो. ती मोडकी काठी जेकिलच्या वकील मित्राने जेकिलला भेट दिलेली असते.

आणि जेकिल काय म्हणतो? गुन्हा हाइडचा, एकट्या हाइडचा. कबुलीजबाबात तर एका जागी तो हाइडबद्दल ‘तो’ असं लिहितो आणि म्हणतो, ‘मी’ असं मला म्हणवत नाही. आपल्याकडचा लखोबा लोखंडे कोर्टात उभा राहून ‘तो मी नव्हेच’ म्हणतो. पण लखोबा निदान मनाशी खोटं बोलत नाही.

[दृश्य : रीजंट्स पार्क. हिवाळ्यातलं स्वच्छ ऊन, बाक.]

खुनानंतर जेकिल सुधारतो. औषध बंद, दानधर्म सुरू. जानेवारीतल्या एका दिवशी तो इथे ऊन खात बसलेला असतो आणि मनात येतं, इतरांपेक्षा आपण बरे, ते नुसते हातावर हात ठेवून बसतात, आपण चार माणसांचं भलं करतो. त्याच क्षणी पोटात कालवतं. खाली बघतो तर गुडघ्यावर केसाळ, शिरा तटतटलेला हात. औषधाचा थेंबही पोटात नसताना हाइड बाहेर आला आहे. तोही दारूच्या गुत्त्यात नव्हे, स्वतःची पाठ थोपटताना. एवढ्या एका प्रसंगासाठी मी या लेखकाला शंभर गुण देईन.

आता परत जेकिल व्हायला औषध लागतं, आणि औषधातला एक क्षार संपत आलेला असतो. नोकर पूल लंडनमधल्या एकूण एक औषधविक्रेत्यांकडे धावतो. माल येतो, परत जातो. दर वेळी चिठ्ठी तीच : हा शुद्ध नाही. अगदी शेवटी जेकिलच्या डोक्यात प्रकाश पडतो. नव्या मालात काही खोट नव्हती. भेसळ होती ती पहिल्या पुड्यात, आणि औषधाला गुण येत होता तो त्या भेसळीमुळे.