दोन नारव्यांमधलं पाणी

नमस्कार श्रोतेहो.

कोकण रेल्वेने मुंबईहून मडगावला जात असाल, तर थिवी स्टेशन गेलं की हातातला मोबाइल जरा बाजूला ठेवा आणि खिडकीपाशी सरका. थोड्या वेळात गाडी पाण्यावर येते. मग भातशेतं लागतात, मधे एखादी टेकडी, माडांची रांग, एखादी पांढरी क्रूसाची घुमटी. लगेच पुन्हा पाणी, मोठा पूल, आणि करमळी. दोन पाण्यांच्या मधे जे मिनिटभर दिसलं, ते दिवाडी बेट. गाडी त्याच्या अंगावरून जाते, पण थांबत नाही, कारण दिवाडीला स्टेशनच नाही. बेटावरच्या माणसाला मुंबईची गाडी पकडायची तर त्याने आधी फेरीबोटीत बसून नदी ओलांडायची, करमळीला जायचं, आणि मग आपल्याच घरावरून परत जायचं.

तेव्हा आपणही फेरीनेच जाऊ. जुन्या गोव्यात मोठमोठ्या चर्चांची गर्दी मागे टाकून रस्ता नदीकडे उतरतो, तिथे व्हाइसरॉयची कमान आहे. वास्को द गामाचा पणतू इथे व्हाइसरॉय होऊन आला, त्याने ती १५९९ च्या सुमारास उभारली. पोर्तुगालहून येणारा प्रत्येक नवा व्हाइसरॉय या कमानीखालून शहरात शिरायचा. आज तिच्याखालून स्कूटर, पावाची टोपली बांधलेली सायकल आणि कॉलेजची मुलं जातात. पुढे पन्नास-शंभर पावलांवर धक्का.

फेरीबोट म्हणजे सपाट लोखंडी पत्रा, दोन्ही तोंडांना साखळीने खाली-वर होणारी फळी आणि बाजूला उंचावर चालवणाऱ्याची खोपी. फळी काँक्रीटवर घासत आली की असा आवाज होतो की नवखा माणूस दचकतो. बेटाचा माणूस मान वर करत नाही. पायी माणसाला तिकीट नाही. आधी दुचाक्या, मग गाड्या, मग उरलेल्या फटींतून माणसं. पाच-सात मिनिटांचा प्रवास, पण गावातल्या निम्म्या बातम्या या पाच-सात मिनिटांत फिरतात. कोणाच्या मुलाचं पोर्तुगीज पासपोर्टाचं काम झालं, कोणाचा बांध खचला, कोणाच्या घरी लग्न ठरलं, सगळं मधल्या पाण्यावर कळतं.

बेटावर उतरलं की दोन्ही बाजूंना शेत, आणि इथेच जरा थांबायला हवं. कारण हे शेत दिसतं तसं साधं नाही. भरतीच्या वेळी मांडवीचं पाणी या शेताच्या पातळीपेक्षा वर असतं. म्हणजे नदी वर आणि भात खाली. मधे फक्त एक बांध. या जमिनीला गोव्यात खाजन म्हणतात. समुद्र जवळ, त्यामुळे मांडवीचं पाणी इथे खारट, ते आत आलं की पीक गेलं. चिखल, चिऱ्याचे दगड आणि पेंढा यांचा हा बांध शेकडो वर्षं माणसांनी हातांनी घातला आणि राखला.

पण पावसाचं पाणी आत साठलं तर ते बाहेर काढायचं कसं? त्यासाठी मानस. बांधात दगडी खिंड ठेवायची आणि तिला लाकडी झडपा टांगायच्या. भरती चढली की बाहेरच्या पाण्याच्या दाबानेच झडपा मिटतात. ओहोटी लागली की आतलं पाणी त्यांना ढकलून बाहेर पडतं. कोणी उघडायला नको, कोणी लावायला नको. आणि भरतीबरोबर मासळी आत येते, तेव्हा ओहोटीला मानशीच्या तोंडाशी जाळं लावलं की रात्रीतून कोळंबी, शेवटे, काळुंद्रं मिळतात. ही मासळी धरायचा हक्क लिलावाने दिला जातो. गोव्यात या लिलावाला पावणी म्हणतात. पावणीचा पैसा पूर्वी बांधाच्या डागडुजीला जायचा. म्हणजे मासळीने भाताची राखण करायची. मला ही व्यवस्था कुठल्याही देवळाच्या शिल्पाइतकीच देखणी वाटते, पण तिचा फोटो काढायला कोणी येत नाही.

अशा जमिनीत कुठलंही भात येत नाही. इथलं जुनं बियाणं कोरगुट. उंच वाढणारं, थोडा खारटपणा सोसणारं, लालसर जाड तांदळाचं. त्याची पेज एकदा प्यालेला माणूस पॉलिश केलेल्या तांदळाला नावं ठेवतो, आणि बरोबरच ठेवतो. बांध फुटला की मात्र कोरगुटाचंही काही चालत नाही. खारं पाणी एकदा शेतात बसलं की ते धुऊन निघायला पुढचे पावसाळे लागतात. म्हणून पूर्वी बांध फुटल्याची हाक आली की ज्याचं शेत तिथे नाही तोही टोपली घेऊन धावायचा. एकट्याने राखता येणारी ही जमीनच नाही. गावकरी नावाची संस्था यातूनच आली. गावाची जमीन गावकऱ्यांची सामाईक, दरवर्षी वाटून कसायची, उत्पन्नातून बांध, देऊळ, रस्ता सगळं चालवायचं. पोर्तुगीज आले तेव्हा त्यांनीही ती मोडली नाही. १५२६ साली आफोंसो मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने तिसवाडीच्या, म्हणजे दिवाडी ज्यात येतं त्या महालाच्या, गावकऱ्यांचे रीतिरिवाज लिहून काढले आणि सरकारी सनद दिली. पुढे गावकरीला कोमुनिदाद हे नाव पडलं. मुक्तीनंतर १९६४ चा कूळकायदा आला आणि कुळांच्या बाजूने न्यायाचं पाऊल पडलं. पण बांध कोणी बघायचा, हा प्रश्न तेव्हापासून लोंबकळत राहिला. दिवाडीच्या रस्त्याने जाताना पावसाळ्यातसुद्धा मधे मधे नुसतं गवत आणि कांदळ वाढलेले तुकडे दिसतात. तिथे एके काळी भात होतं.

आता थोडं इतिहासाकडे. दिवाडीचं जुनं नाव दीपवती. या बेटावर गोव्याच्या कदंब राजांचं कुलदैवत होतं, सप्तकोटेश्वर. कदंब राजे आपल्या नाण्यांवर स्वतःला ‘श्रीसप्तकोटीश्वरलब्धवरप्रसाद’ म्हणवून घेत. म्हणजे ज्याच्यावर सप्तकोटीश्वराने कृपा केली तो. एवढा मोठा देव, आणि त्याचं ठिकाण बेटाच्या उत्तर टोकाला, नारवे नावाच्या गावात. चौदाव्या शतकात बहमनी फौजांनी ते देऊळ पाडलं. मग विजयनगरचा माधव मंत्री आला, त्याने गोवा घेतला आणि देऊळ पुन्हा बांधलं. त्यानंतर आदिलशाही, आणि १५१० मध्ये पोर्तुगीज. सोळाव्या शतकाच्या मध्याला तिसवाडीतली देवळं एकामागून एक पाडली गेली, त्यात सप्तकोटेश्वरही गेला. लिंग एका विहिरीच्या काठावर पाणी ओढायच्या कामाला लावलं होतं, असं सांगतात. तिथून ते भाविकांनी गुपचूप काढलं आणि नदीपार नेलं.

नदीपार म्हणजे किती लांब? नारव्याच्या धक्क्यावर उभं राहिलं की पलीकडचा माणूस छत्री उघडताना दिसतो, एवढंच. पण तो काठ डिचोली महालाचा, आणि डिचोली तेव्हा आदिलशहाच्या मुलखात. इकडे देवाचं नाव घ्यायची चोरी, तिकडे देव उघड पुजता येई. देव ज्या गावात गेला, त्या गावालाही नारवे हेच नाव पडलं. म्हणून आज एकाच पाण्याच्या दोन काठांवर दोन नारवी आहेत. बेटावरच्या नारव्यात चर्च आहे, पलीकडच्या नारव्यात सप्तकोटेश्वर, आणि मधे फेरी.

नारव्याला गोकुळअष्टमीचं स्नान मोठं. देऊळ गेलं म्हणून ते थांबलं नाही. बेटावर मनाई, तर लोक समोरच्या काठावर येऊन त्याच पाण्यात बुडी मारू लागले. पाण्याला कुठे हद्द घालणार? आजही अष्टमीला पलीकडे, पंचगंगा म्हणतात त्या पाण्यात, स्नानाला गर्दी लोटते.

१६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी या पलीकडच्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. दारावरच्या शिलालेखात शके १५९०, कार्तिक वद्य पंचमी, सोमवार अशी तिथी आहे, आणि पुढे ‘श्रीशिवराज्ञा’ हा शब्द. दगडावरची अक्षरं काही फार सुबक नाहीत. पण ती वाचता वाचता बोट आपोआप त्या शब्दावर जातं. मुसलमानी धाटणीचा घुमट, पुढे दीपस्तंभ, चर्चसारखा वाटणारा सभामंडप, असं हे देऊळ खास गोव्याचं आहे. अलीकडे त्याची दुरुस्ती झाली आणि २०२३ च्या फेब्रुवारीत ते पुन्हा उघडलं.

बेटावर जुन्याचं काय उरलं, असं विचाराल तर पिएदादच्या टेकडीवर जा. वर मोठं चर्च आहे, खाली चहूकडे शेत आणि नदी. बाहेरून आलेले लोक तिथून जुन्या गोव्याचे फोटो काढतात आणि परततात. तुम्ही मात्र शेजारच्या दफनभूमीत जा. तिथे एक लहानसं कपेल, म्हणजे प्रार्थनाघर आहे. त्यात शिरून मान वर केली की छताला कदंबकाळचं दगडी कमळ दिसतं. भिंतीत दगडी जाळीही आहे. हे गणपतीचं देऊळ होतं म्हणतात. तो गणपतीही असाच पाण्यापलीकडे गेला. ठिकाणं बदलत आज तो फोंडा तालुक्यात खांडोळ्याला आहे. मी गेलो तेव्हा एक बाई कोणाच्या तरी थडग्यावर झेंडू ठेवत होत्या. मी छताकडे बघत राहिलेला पाहून त्या म्हणाल्या, ‘तें आदलें,’ म्हणजे ते आधीचं, आणि पुन्हा आपल्या फुलांकडे वळल्या.

इथून नुसते देवच बाहेर गेले असं नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरीस याच बेटावर मातेउश द काश्त्रु जन्मला. बामणाचा मुलगा, ख्रिस्ती, पाद्री व्हायचं होतं. गोव्याच्या पोर्तुगीज धर्माधिकाऱ्यांनी दाद दिली नाही. तेव्हा गडी सरळ रोमला गेला, तिथे पाद्री झाला, पुढे १६३७ मध्ये बिशप झाला आणि मग परतला. पोर्तुगिजांना तो देशी बिशप काही पचला नाही. मग तो कुठे राहिला? डिचोलीत, आदिलशहाच्या मुलखात. म्हणजे देव ज्या वाटेने गेला, बिशपही त्याच वाटेने! दुसरा जाकोमे गोन्साल्विस, जन्म १६७६. तो १७०५ मध्ये श्रीलंकेला गेला, सिंहली आणि तमिळ शिकला, आणि सिंहलीत इतकं लिहिलं की तिथल्या कॅथलिक वाङ्मयाचा जनक म्हणून त्याचं नाव घेतात. दिवाडीत त्याचं नाव फेरीवर कोणाला विचारलं तर दहांत एक सांगेल.

सण सांगायचे तर ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी बोंडेरां. पोर्तुगीज ‘बांदेरा’, म्हणजे निशाण, त्यावरून हा शब्द. वाड्यावाड्यांत जमिनीच्या हद्दीवरून हाणामाऱ्या व्हायच्या, सरकारने हद्दीवर निशाणं लावली, आणि लोक एकमेकांची निशाणं पाडायला लागले, अशी त्याची कथा सांगतात. आता निशाणांची मिरवणूक निघते, चित्ररथ असतात, बँड असतो. पण जुन्या लढाईची खरी आठवण म्हणजे फोटाश. बांबूची पोकळ नळी, तिच्या तोंडात हिरवं रानफळ ठासायचं, मागून दुसरं घालून दट्ट्याने ढकलायचं, की पुढचं फळ फट्‌ करून उडतं. कोकणातल्या ज्या श्रोत्यांनी लहानपणी ही बंदूक केली असेल, त्यांच्या हाताला आत्ता त्या फळाचा वास आला असेल. बाहेरची गर्दी आता इतकी होते की त्या दिवशी फेरीला तासभर रांग. कार्निव्हालच्या दिवसांत पोतेकार निघतात, त्यांचं मात्र अजून गावातच राहिलं आहे. गोणपाट, चिंध्या, मुखवटा, कमरेला घंटा, अशा वेशात पोरं गावभर मुलांना घाबरवत फिरतात. मुखवट्याआड कोण, हे ओळखूनही ओळख दाखवायची नाही.

बाकी वर्षभर गाव शांत. खरं सांगायचं तर काही ठिकाणी नको इतकं शांत. बाल्कांव, म्हणजे पुढे बसायचा ओटा असलेली, शिंपल्यांच्या खिडक्यांची मोठी घरं कुलपात आहेत. माणसं मुंबईला, आफ्रिकेला, आखातात गेली, आता इंग्लंड-पोर्तुगालला जातात. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, भोंगा वाजवत येतो, तेव्हा ओळीतल्या चार घरांपैकी एखाद्याच दारातून हात बाहेर येतो.

आणि मग पुलाचा विषय निघतोच. रात्री कोणाला छातीत दुखायला लागलं तर फेरीची वाट बघायची का, असं म्हणणारे आहेत, आणि त्यांना काय उत्तर देणार? पूल झाला की आठ दिवसांत जमिनीचे दलाल येतील, म्हणणारेही आहेत, तेही बेटाचेच. एकाच घरात सासू पुलाची आणि सून फेरीची, असंही मी ऐकलं आहे. मी बाहेरचा, दिवस मावळला की परत जाणारा. माझं मत या हिशेबात धरू नये.

मी निघालो तो नारव्याच्या बाजूने. संध्याकाळची फेरी. एका स्कूटरच्या हँडलला सप्तकोटेश्वराला न्यायच्या फुलांची पुडी अडकवलेली होती, आणि त्याच्या शेजारी उभ्या माणसाच्या पिशवीत उंडे, म्हणजे गोल पाव होते, अजून गरम, कारण पिशवीला आतून वाफ धरली होती. दोघं बांधाविषयी बोलत होते. नारव्याला पुन्हा पाणी आत आलंय, मानशीची एक झडप कुजलीय, कोणीतरी लाकूड बघायला हवं. फळी घासत वर टेकली, स्कूटर पुढे गेली, आणि पिशवीवाला मागे वळून म्हणाला, ‘फाल्यां सांगतां.’ उद्या सांगतो.

नमस्कार.