अक्षरी रुपये, अक्षरी रुपिया

नमस्कार श्रोतेहो.

चेक लिहिताना रक्कम दोनदा लिहायची असते, एकदा आकड्यांत आणि एकदा अक्षरी, आणि अक्षरी रकमेनंतर 'फक्त' लिहायचं, हे मी तुम्हाला सांगायला नको. आकडा आणि अक्षर जुळले नाहीत तर अक्षरी रक्कम खरी धरायची, असं आपल्या १८८१च्या कायद्यात लिहिलेलं आहे. एखादं शून्य वाढवायला हात पटकन वळतो, शब्द वाढवणं अवघड.

इंडोनेशियातही हाच रिवाज. बिलाच्या, पावतीच्या या अक्षरी ओळीला तिथे 'तरबिलांग' म्हणतात. बिलांग म्हणजे मोजणं, आणि रोजच्या बोलण्यात बिलांग म्हणजे सांगणंसुद्धा. मला हा शब्द फार आवडतो. मोजलेलं तोंडानं सांगता आलं पाहिजे, हे त्या एका शब्दात आहे.

२०१६ साली मी जावा बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर पेकालोंगान गावी होते. बातिकचं गाव. मेणानं नक्षी काढायची, कापड रंगवायचं आणि मग उकळून मेण काढून टाकायचं, हे काम तिथे घराघरांत चालतं. अशाच कापडाच्या एका विक्रेत्यासाठी मी बिलं छापणारा प्रोग्रॅम लिहिला होता. आकडा द्यायचा, तरबिलांग आपोआप छापून यायचं.

त्यासाठी भाषेचा एक नियम कळायला हवा. एक म्हणजे 'सातू'. पण दहा, शंभर, हजार एकच असेल तेव्हा सातू म्हणत नाहीत. त्याचा नुसता 'स' उरतो आणि पुढच्या शब्दाला चिकटतो. पुलुह म्हणजे दहा, एकच दहा तो सपुलुह. रातुस म्हणजे शंभर, एकच शंभर ते सरातुस. रिबू म्हणजे हजार, एकच हजार ते सरिबू. मी प्रोग्रॅमला सांगून ठेवलं होतं की 'सातू रिबू' दिसलं की पुसायचं आणि 'सरिबू' लिहायचं. १,०००वर चालवून पाहिलं, १,५००वर पाहिलं. बरोबर आलं. तीन महिने कुणाची तक्रार आली नाही.

डिसेंबर महिना, बाहेर धो धो पाऊस. एक बाई रेनकोटसकट दुकानात आल्या. शाळेच्या शिक्षिका, हिशेबही त्यांच्याकडेच. मुलांच्या गणवेशासाठी बातिक नेलं होतं. ५७ मुलं, प्रत्येकी ४३,००० रुपिया, एकूण २.४५१.०००. तिकडे हजारांमध्ये टिंब देतात आणि स्वल्पविराम दशांशासाठी ठेवतात. पावती प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणलेली. तिच्यावर ६,००० रुपियांचा मेतेराई, म्हणजे आपल्या रेव्हेन्यू स्टॅम्पासारखा. दहा लाख रुपियांच्या वरच्या पावतीला तो तेव्हा लावावा लागे. सही अर्धी स्टॅम्पवर, अर्धी कागदावर. म्हणजे चुकलेली पावती फाडून नवी द्यायची तर स्टॅम्पही नवा.

मालकीण बाहेर गेली होती. बाई माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "म्बाक, हे मोठ्यानं वाचा. पलान-पलान." म्हणजे सावकाश. म्बाक म्हणजे ताई. त्यांना तिथे सगळे बू गुरू म्हणत. बू म्हणजे आई, आणि गुरू म्हणजे आपला गुरूच.

मी वाचलं. "दुआ जुता, अंपात रातुस, लिमा पुलुह... सरिबू."

त्या म्हणाल्या, "पुन्हा."

पुन्हा वाचलं आणि तेव्हा माझ्याच कानाला खटकलं. दोन जुता, चारशे, पन्नास आणि एक हजार! एक्कावन्न हजार कुठे गेले? जुता म्हणजे दहा लाख. तपासनिसानं कागद वाचला तर तो विचारणार, या बाईंनी नक्की किती पैसे दिले?

बू गुरूंनी आवाज चढवला नाही. खुर्ची ओढून बसल्या आणि टेबलावरच्या कोऱ्या कागदावर लिहायला लागल्या. १,००० – सरिबू. २१,००० – दुआ पुलुह सातू रिबू. ५१,००० – लिमा पुलुह सातू रिबू. म्हणाल्या, हा एक एकटा आला तर हजाराच्या कडेवर बसतो. घरच्यांबरोबर आला तर स्वतःच्या पायांनी चालतो.

श्रोतेहो, त्या क्षणी मला आपलं मराठी आठवलं. आपण शंभर म्हणतो, पण शंभर एक म्हणतो का? एकशे एक म्हणतो. शंभर एकटा असेपर्यंत शंभर, सोबतीला कुणी आलं की एकशे! बालवाडीपासून हे माझ्या तोंडात होतं, आणि तरी समोरच्या भाषेतलं मला दिसलं नव्हतं. मी त्यांना हे सांगितलं. त्यांनी एक-शे, एक-शे असं दोनदा म्हणून पाहिलं.

आता प्रोग्रॅममध्ये काय बदललं ते थोडक्यात. आधी मी तयार शब्द पुसत होते. ते काढून टाकलं आणि शब्द तयार होण्याआधी आकड्यालाच विचारलं. एक ते अकरा हे शब्द एका यादीत. बारा ते एकोणीसपर्यंत एककाच्या पुढे 'बलास'. शंभराच्या आत दशक, मग पुलुह, मग उरलेलं एकक. २००च्या आत असेल तर सरातुस आणि उरलेलं. हजाराच्या आत असेल तर शंभरानं भागायचं, मग रातुस, मग उरलेलं. २,०००च्या आत असेल तर सरिबू आणि उरलेलं. २,०००पासून दहा लाखांच्या आत असेल तर हजारानं भागायचं, भागाकार याच प्रोग्रॅमला परत वाचायला द्यायचा, त्याच्यापुढे रिबू लिहायचं, आणि बाकीही त्यालाच वाचायला द्यायची. बाकी शून्य असेल तर काही लिहायचं नाही. दहा लाखांपासून पुढे हेच, फक्त दहा लाखांनी भागायचं आणि रिबूऐवजी जुता लिहायचं. पुन्हा सांगते, कारण सगळं यातच आहे: सरिबू फक्त २,०००च्या आत. जुताला तर हा 'स' पावतीवर लागतच नाही, तिथे सातू जुता.

वीस-पंचवीस ओळींत काम होतं. हेच मराठीसाठी करायचं तर शंभरापर्यंतचे सगळे शब्द एकेक करून यादीत भरावे लागतात. एक्कावन्न, एकसष्ट, एक्काहत्तर, प्रत्येकाचा साचा निराळा. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला! गणितज्ञ डॉ. मंगला नारळीकरांनी मुलांना सोपं जावं म्हणून ते मांडलं होतं, आणि त्यांचं बोलणं शांतपणे ऐकून घ्यायला हवं होतं असं मला आजही वाटतं. माझ्या तोंडातून एक्कावन्न जाणार नाही, जाऊही नये. पण पहिल्यांदा मोजायला शिकणाऱ्या मुलाला पन्नास एक चालेल. पेकालोंगानची मुलं लिमा पुलुह सातू म्हणतात, पन्नास एक, आणि हिशेबात कुठे अडत नाहीत.

पण एकोणीस, एकोणतीस माझे लाडके. एक उणा वीस, एक उणा तीस. त्या दिवशी हेही बू गुरूंना सांगितलं. त्यांनी दोन्ही हात पुढे केले, दहा बोटं पसरली आणि एक मिटलं. "संबिलान." नऊ. अंबिल म्हणजे घेणं; दहातलं एक काढून घेतलं ते संबिलान, असं तिथे सांगतात. मग दुसरं बोट मिटलं. "दलापान." आठ, दोन काढून घेतलेले. पाऊस कोसळत होता आणि आम्ही दोघी काउंटरवर बोटं मिटत बसलो होतो.

मी ड्रॉवरमधला नवा मेतेराई काढला, पावती पुन्हा छापली. "लिमा पुलुह सातू रिबू रुपिया." बू गुरूंनी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचली आणि पिशवीत घातली. तोपर्यंत मालकीण आली, तिनं स्टॅम्पवर सही केली.

चुकलेली पावती मी फाडणार होते. बू गुरूंनी हात धरला. म्हणाल्या, मागे तुमच्या भाषेत लिहून द्या, मुलांना दाखवते. मी मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं: अक्षरी रुपिया चोवीस लाख एक्कावन्न हजार फक्त. आणि वाचून दाखवलं. 'लाख' ऐकून त्या थांबल्या. आमच्याकडेही लाक्सा आहे, म्हणाल्या, जुन्या कवितांत भेटतो, पण तो दहा हजारांचा. संस्कृतातला लक्ष समुद्र ओलांडून तिथे पोचला आणि त्याच्या किमतीतलं एक शून्य गेलं. तुमच्या हिशेबानं, मी म्हटलं, हे दोन लाख एक्क्याण्णव हजारच होतील.

त्यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं आणि 'लाख' या शब्दाखाली आपल्या अक्षरात लिहिलं: सरातुस रिबू.