रोज लिहायचं, पण आणायचं कुठून?

नमस्कार श्रोतेहो. आज कविता लिहिणाऱ्यांशी बोलायचंय, आणि लिहायचं खूप मनात आहे पण वही उघडली की हात थांबतो अशांशी तर जास्तच. सगळ्यांची तक्रार एकच असते, रोज लिहायचं ठरवलं हो, पण सुचतच नाही. माझं स्पष्ट मत आहे की सुचायची वाट बघणं आधी सोडा. सुचणं आपल्या हातात नाही, बघणं आहे, आणि बघितलेलं वेळच्या वेळी टिपून ठेवणंही आहे.

म्हणजे कसं, बसस्टॉपवर शेजारी कुणीतरी मोबाईलवर मेसेज टाइप करतोय, चार ओळी लिहिल्या, सगळ्या खोडल्या, परत दोन शब्द, परत खोडले, आणि शेवटी फोन खिशात टाकून नुसता रस्त्याकडे बघत बसला. आता यावर घरी येऊन आपण काय लिहितो, तर 'माणूस किती एकटा आहे'. झालं, ही ओळ तर घराबाहेर न पडताही लिहिता आली असती! त्यापेक्षा एवढंच टिपा, खोडताना अंगठा मधेच थांबला. बस. एकटेपणा त्या थांबलेल्या अंगठ्यातच आहे, तो शब्द आपण उच्चारायचीही गरज नाही, वाचणाऱ्याला बरोबर कळतं. म्हणून टिपताना भावना लिहू नका, वस्तू लिहा, हालचाल लिहा, कानावर पडलेलं वाक्य जसंच्या तसं लिहा.

आणि हे लगेच करायचं, संध्याकाळी निवांत बसून लिहू म्हटलं की अंगठा जातो आणि एकटेपणा तेवढा उरतो. फोनमध्ये टाइप करा, व्हॉइस रेकॉर्ड करा, हाताशी असेल त्या कागदावर लिहा. अमेरिकन कवयित्री एमिली डिकिन्सनने वापरलेल्या पाकिटांच्या तुकड्यांवर ओळी लिहिल्यात, ते तुकडे आजही जपून ठेवलेत. अमेरिकन कवी वॉलेस स्टीव्हन्स विमा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते, ते ऑफिसला चालत जाताना मनात कविता जुळवायचे. आणि आपल्या बहिणाबाई! लिहिता-वाचता येत नव्हतं, घरची आणि शेतातली कामं करता करता ओव्या रचल्या, मुलाने, सोपानदेवांनी, त्यातल्या काही उतरवून घेतल्या, १९५१ साली बहिणाबाई गेल्या आणि १९५२ साली पुस्तक आलं. वेळ नाही हे कारण मला म्हणूनच पटत नाही, कामाचे हात आणि कवितेचं मन एकाच वेळी चालू शकतात.

बरं, टिपलं, पण टिपण म्हणजे काही कविता नव्हे. इथे मला छंदाचा, म्हणजे ओळीतल्या अक्षरांच्या ठरलेल्या मापाचा, फार आधार वाटतो. मुक्तछंद सोपा वाटतो खरा, पण रोजच्या सरावाला अष्टाक्षरी घेऊन बघा, एका ओळीत आठ अक्षरं, जोडाक्षर एकच धरायचं. आपला तोच बसस्टॉपवाला घ्या:

लिहिलेलं खोडताना
अंगठाच थबकला

मोजा, आठ आणि आठ. अक्षरं बसवायच्या नादात 'थांबला'चं 'थबकला' झालं, आणि थबकण्यात जी दचक आहे ती थांबण्यात नव्हती, हे मला आधी ठाऊकच नव्हतं, छंदाने ते हातात आणून दिलं. पुढच्या ओळी आज नाही आल्या तरी चालेल, दोन ओळींवरही त्या दिवसाचं लिहिणं झालं असं खुशाल समजा.

काही दिवस अगदीच कोरडे जातात, तेव्हा जुनी टिपणं काढून मोठ्याने वाचा, मनातल्या मनात नाही हं, मोठ्याने, कारण कुठली ओळ अडखळते ते कानालाच आधी कळतं. आणि रोजचं लिहिलेलं रोज ग्रुपवर टाकायची घाई कृपा करून करू नका. लाइक्स आल्या की ती ओळ पक्की झाल्यासारखी वाटते, मग तिला हात लावायचा धीर होत नाही, आणि खरं काम तर तिथून पुढे असतं. आठवडाभर वहीतच राहू द्या, मग परत काढा, दोन शब्द उडवा, एखादा बदला, त्यानंतर हवं त्याला पाठवा की.