आधी छप्पर गेलं

मंडळी, राजवट कोसळली की पुतळे पाडतात, हे दृश्य आपल्या डोळ्यांत पक्कं बसलंय. गळ्यात दोर, भोवती गर्दी आणि लेनिन आडवा. तसं पुष्कळ ठिकाणी घडलंही. पण आज मी बल्गेरियातल्या ज्या इमारतीबद्दल बोलणार आहे, ती कुणीही पाडली नाही. तिचं छप्पर चोरीला गेलं.

मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीच्या कामातला माणूस. त्यामुळे कुठल्याही पडक्या वास्तूचं चित्र समोर आलं की माझी नजर आधी वर जाते. तुमच्यापैकी जे कौलारू घरात वाढलेत त्यांना हे सांगायला नको. मृगाआधी शाकारणी झाली नाही, तर घर कुणाच्या नावावर आहे हे पाऊस विचारत बसत नाही.

तर बुझलुजा. बाल्कन पर्वतातलं हे शिखर मुळात 1441 मीटर उंच होतं. 1868 मध्ये बल्गेरियन बंडखोर हाजी दिमितर आणि त्याचे साथीदार इथे ऑटोमन फौजेशी लढले. 1891 मध्ये दिमितर ब्लागोएव्हने याच डोंगरावर समाजवाद्यांची गुप्त बैठक घेतली आणि त्यातून पुढे बल्गेरियाचा कम्युनिस्ट पक्ष उभा राहिला. म्हणजे जागा आधीच पुण्यभूमी ठरलेली होती. पक्षाने तिथे स्मारक बांधायचं ठरवलं तेव्हा सुरुंग लावून शिखराचा माथा नऊएक मीटर कापला. ज्या शिखराचा गौरव करायचा त्याचीच उंची कमी केली, हे मला नेहमी गमतीचं वाटतं.

वास्तुकार गेओर्गी स्तोइलोव्ह. काम 1974 मध्ये सुरू झालं, 1981 च्या ऑगस्टमध्ये देशाचा कम्युनिस्ट प्रमुख तोदोर झिव्कोव्हने उद्घाटन केलं. काँक्रीटची एक अवाढव्य तबकडी आणि शेजारी सुमारे 70 मीटरचा मनोरा, त्यावर लाल काचेचे दोन तारे. पैसा लोकवर्गणीतून आला. आता ‘लोकवर्गणी’ म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे. पावती पुस्तक घेऊन साहेबच टेबलाशी उभे राहिले, तर किती जण नाही म्हणतात?

आत मात्र, खरं सांगतो, काम अव्वल होतं. गोल सभागृह, भिंतीभर मोझेक म्हणजे रंगीत तुकडे जडवून केलेली चित्रं, साठाहून अधिक कलावंतांचे हात. छताच्या मध्यभागी कोयता-हातोडा आणि त्याभोवती ‘जगातील कामगारांनो, एक व्हा’ हे बल्गेरियनमध्ये. एका बाजूला मार्क्स, एंगल्स, लेनिन. दुसऱ्या बाजूला ब्लागोएव्ह, दिमित्रोव्ह आणि स्वतः झिव्कोव्ह. हयात माणसाने स्वतःलाच भिंतीवर बसवलं होतं.

10 नोव्हेंबर 1989 ला झिव्कोव्हची खुर्ची गेली. काही वर्षांत पक्षाची मालमत्ता सरकारजमा झाली आणि पहारा उठला. मग जे व्हायचं तेच झालं. छपरावर तांब्याचा पत्रा होता. तांब्याला भंगारात भाव असतो, विचारधारेला नसतो. पत्रा गेला, मग फिटिंग्ज, मग संगमरवर. मनोऱ्यावरचे तारे माणकांचे आहेत अशी वदंता होती, म्हणून त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. निघाली काच. उघड्या छतातून पाऊस आणि बर्फ आत येऊ लागले. पाणी मोझेकच्या मागे शिरतं, हिवाळ्यात तिथेच गोठतं, फुगतं आणि तुकडे सुटून खाली पडतात.

हे छायाचित्र बघा. झिव्कोव्हचा चेहरा टोचून काढलाय. बाजूचे रंगीत तुकडे जागच्या जागी, आणि मधोमध फक्त राखाडी गिलावा. खाली जमिनीवर काचेचा चुरा.

याच्या उलट राजधानी सोफियातली गोष्ट. दिमित्रोव्ह म्हणजे राइशस्टाग, अर्थात जर्मन संसदेच्या जळीत खटल्यात नाझींना कोर्टात सुनावणारा माणूस, पुढे बल्गेरियाचा कम्युनिस्ट नेता. तो 1949 मध्ये वारला. त्याच्यासाठी सहा दिवसांत पांढरी समाधी उभी केली आणि आत मसाले भरलेला देह ठेवला. 1990 मध्ये देह काढून दहन केलं. 1999 च्या ऑगस्टमध्ये सरकारने समाधी पाडायला घेतली. पहिला स्फोट झाला, धूर विरला, आणि समाधी नुसती एका अंगाला कलून उभीच! सहा दिवसांत बांधलेली वास्तू पाडायला जवळजवळ आठवडा गेला. त्या कंत्राटदाराचं काय झालं असेल या विचारानेच मला घाम फुटतो.

सोफियातल्याच सोव्हिएत सैन्याच्या स्मारकाबद्दल थोडक्यात सांगतो. 2011 मध्ये एका रात्रीत कुणीतरी त्यातल्या सैनिकांना सुपरमॅन, जोकर, सांताक्लॉज असं रंगवलं आणि खाली लिहिलं, ‘काळाच्या पावलावर पाऊल’. डिसेंबर 2023 मध्ये पुतळे उतरवले. तिथे निदान कुणीतरी निर्णय घेतला. तो पटो न पटो.

बुझलुजाच्या बाबतीत निर्णयच झाला नाही, वर्षानुवर्षं. पाडायचं म्हटलं तरी खर्च, राखायचं म्हटलं तरी खर्च. दोरा इवानोवा नावाच्या तरुण वास्तुविशारदाने तिच्यासाठी चळवळ उभी केली. 2018 मध्ये युरोपातल्या धोक्यात आलेल्या सात वारसास्थळांच्या यादीत तिचं नाव आलं, दाराशी रखवालदार बसला. 2019 मध्ये गेटी फाउंडेशनने 1,85,000 डॉलर दिले. ते संवर्धनाचा आराखडा करण्यासाठी, इमारत उभी करण्यासाठी नव्हे. तरी 2020 मध्ये तज्ज्ञांनी मोझेकच्या सुटत चाललेल्या कडा धरून ठेवल्या.

मघाशी चहाच्या वेळी एका ताईंनी विचारलं, दुरुस्ती झालीच तर झिव्कोव्हचा चेहरा परत बसवायचा का? माझं मत, नाही. चेहरा कुणीतरी ठरवून, हाताने काढलाय, तीही त्या भिंतीची हकिगतच आहे. पण त्या खड्ड्याच्या कडा बांधून घ्याव्या लागतील, नाहीतर शेजारचा दिमित्रोव्हही सुटायला लागेल. ते कसं करतात ते पुढच्या चित्रात दाखवतो. मागचे दिवे जरा मालवता का?